बोली, पर्स आणि रिकामी जागा

आयपीएलच्या लिलावात हातोडा पडल्यावर जो आकडा जाहीर होतो, तो खेळाडूच्या गुणवत्तेचा भाव आहे असे धरून चाहते वर्षभर भांडतात. ऋषभ पंत २७ कोटींचा आहे का, वेंकटेश अय्यरला २३.७५ कोटी कुठल्या हिशोबाने मिळाले, अजिंक्य रहाणे दीड कोटीतच का गेला? प्रश्न रास्त वाटतात, पण ते अर्धेच विचारलेले असतात. लिलावातला आकडा तीन गोष्टींतून निघतो: संघात कोणती जागा रिकामी आहे, त्या जागेसाठी यादीत आणखी किती जण उरले आहेत आणि दुसऱ्या टेबलावर अजून किती पैसे शिल्लक आहेत. खेळाडू किती चांगला आहे हा या हिशोबातला एक घटक, आणि कित्येकदा तो सर्वांत मोठाही नसतो. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दादरला झेंडूचा भाव फुलाच्या रंगावरून ठरत नाही.

हा वाद रंगतो तो पर्सच्या मर्यादेमुळे. मालक देशातला सर्वांत श्रीमंत माणूस असला तरी त्याला इतरांपेक्षा एक रुपया जास्त खर्चता येत नाही. २००८ साली प्रत्येक संघाला ५० लाख डॉलर खर्चता येत होते, २०२५च्या हंगामासाठी ही रक्कम १२० कोटी रुपये झाली. त्यातून किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू घ्यायचे. परदेशी आठपेक्षा जास्त नकोत आणि अकरा जणांत चारपेक्षा जास्त नकोत. म्हणजे एकावर केलेली उधळपट्टी दुसऱ्या जागेवर कात्री लावूनच भरून काढावी लागते. कट्ट्यावर बसलेल्या माणसालाही हे गणित कागदावर मांडता येते, म्हणूनच प्रत्येक चाहता स्वतःला संघाचा व्यवस्थापक समजतो, आणि त्यात फारसे चूक काही नाही.

पहिल्याच लिलावात या गणिताने मोठा निकाल लावला होता. २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झालेल्या त्या लिलावाआधी पाच संघांना ‘आयकॉन’ खेळाडू मिळाले होते: मुंबईला सचिन तेंडुलकर, बंगळूरला राहुल द्रविड, कोलकात्याला सौरव गांगुली, पंजाबला युवराज सिंग आणि दिल्लीला वीरेंद्र सेहवाग. नियम असा होता की संघातल्या सर्वांत महागड्या खेळाडूपेक्षा आयकॉनला १५ टक्के जास्त द्यायचे. महेंद्रसिंह धोनीची बोली १५ लाख डॉलरवर गेली. आयकॉन असलेल्या संघाने तेवढे मोजले असते, तर आयकॉनला १७ लाख २५ हजार द्यावे लागले असते, म्हणजे ५० लाखांतले ३२ लाखांहून अधिक दोघांतच संपले असते. चेन्नईकडे आयकॉन नव्हता, त्यामुळे तिला तेच १५ लाख फक्त १५ लाखांना पडले. चेन्नईच्या पुढच्या सगळ्या विजेतेपदांमागे धोनीचे डोके होतेच, पण तो तिथे पोहोचला यात या रिकाम्या रकान्याचा वाटा मोठा होता.

पुरवठ्याने भाव कसा हलतो याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण मिचेल स्टार्कचे. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या लिलावात कोलकात्याने त्याला २४.७५ कोटींना घेतले. तो मिनी लिलाव होता. बहुतेक चांगले खेळाडू आपापल्या संघांकडेच होते आणि डावखुरा वेगवान गोलंदाज हवा असेल तर पर्याय मोजके होते. हंगामाच्या सुरुवातीला स्टार्कने धावा दिल्या तेव्हा एकेका चेंडूचे रुपयांत गणित मांडून त्याची यथेच्छ टिंगल झाली. मग पहिला क्वालिफायर आणि अंतिम सामना या दोन्हींत तोच सामनावीर ठरला आणि कोलकाता विजेते झाले. एवढे सिद्ध केल्यावर भाव वाढायला हवा. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाला मेगा लिलाव झाला, जवळजवळ सगळा बाजार एकदम खुला झाला आणि त्याच स्टार्कला दिल्लीने ११.७५ कोटींना नेले. वर्षभरात गोलंदाज निम्मा झाला नव्हता, त्याच्या आजूबाजूची गर्दी वाढली होती.

परदेशी चौघांच्या मर्यादेमुळे उरलेल्या सात जागा भारतीयांनीच भरायच्या असतात. त्यामुळे वेगवान गोलंदाजी करणारा भारतीय अष्टपैलू किंवा मधल्या फळीतला भारतीय यष्टिरक्षक यांचा तुटवडा कायमचा आहे. शिवम दुबेला चेन्नईने १२ कोटींना राखले आणि कोलकात्याने वेंकटेशसाठी तिजोरी उघडली, ती याच कारणाने. रहाणेचे उलटे झाले. अनुभवी भारतीय फलंदाज बाजारात पुष्कळ होते. पहिल्या फेरीत त्याला कोणी विचारलेसुद्धा नाही. शेवटी कोलकात्याने दीड कोटीत घेतले, कर्णधार केले आणि २०२५च्या हंगामात त्याने वेंकटेशपेक्षा कितीतरी जास्त धावा केल्या. यावरून कोलकात्याचे व्यवस्थापन मूर्ख होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि तो काढलाही गेला. पण बोली लावताना त्यांच्यासमोर पुढच्या हंगामाच्या धावा नव्हत्या, फक्त एक मोकळी जागा होती.

पंतचे २७ कोटी हा तर बोलीने गाठलेला आकडाच नाही. लखनौची बोली २०.७५ कोटींवर थांबली तेव्हा त्याच्या जुन्या संघाने, म्हणजे दिल्लीने, ‘राइट टू मॅच’चे कार्ड दाखवले. आधीच्या नियमानुसार दिल्लीला तो त्याच रकमेत परत मिळाला असता. जेद्दाच्या लिलावापासून मात्र बोली जिंकणाऱ्या संघाला एकदाच रक्कम वाढवण्याची मुभा मिळाली. दिल्लीने मान हलवू नये म्हणून लखनौने एका झटक्यात सव्वासहा कोटी चढवले आणि दिल्ली मागे हटली. पंतचा पुढचा हंगाम फिका गेल्यावर ‘सत्तावीस कोटी पाण्यात’ अशी ओरड झाली. खरे तर त्यातले सव्वासहा कोटी दिल्लीचा दरवाजा बंद करण्यासाठी होते.

कोणाला राखायचे आणि कोणाला सोडायचे यावरचा वाद अधिक कडू असतो, कारण तिथे पैशांत भावना मिसळते. २०२५च्या हंगामापूर्वी प्रत्येक संघाला सहापर्यंत खेळाडू राखता येत होते. राष्ट्रीय संघाकडून खेळलेल्या पाच जणांना राखले की ७५ कोटी गेले असे साधारण सूत्र होते. मुंबईने बुमराला १८, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६.३५, रोहितला १६.३० आणि तिलक वर्माला ८ कोटी अशी ती रक्कम वाटली आणि लिलावात ४५ कोटी घेऊन गेली. चेन्नईने पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला आणि जडेजाला प्रत्येकी १८ कोटी दिले. धोनीला मात्र फक्त ४ कोटींत ठेवले, कारण पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय ‘अनकॅप्ड’ धरावा हा नियम त्याच सुमारास पुन्हा आणला गेला. हा नियम कोणासाठी आणला हे शोधायला गुप्तहेर लागत नाही.

पंजाबने उलट टोक गाठले. शशांक सिंगला साडेपाच आणि प्रभसिमरनला चार कोटी देऊन बाकी सगळ्यांना सोडले आणि ११०.५ कोटी घेऊन ते जेद्दाला गेले. म्हणूनच श्रेयस अय्यरसाठी दिल्लीशी झुंज देत २६.७५ कोटींपर्यंत जाणे त्यांना परवडले. दुसरीकडे कोलकात्याला नुकतेच जिंकून देणारा हा कर्णधार त्यांच्या राखीव यादीत नव्हता, आणि राखण्यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते हे चाहते सहसा विसरतात. पंजाब त्या हंगामात अंतिम सामन्यात पोहोचले आणि ३ जून २०२५ रोजी अहमदाबादला बंगळूरकडून सहा धावांनी हरले. शशांकची गोष्ट आणखी मजेची. दुबईच्या लिलावात २० लाखांना त्याचे नाव पंजाबच्या खात्यात पडले तेव्हा टेबलावर गोंधळ उडाला, चुकीचा खेळाडू घेतला की काय असे वाटून बोली मागे घेण्याची धडपड झाली. हातोडा पडला होता, लिलावकर्त्या मल्लिका सागर यांनी ती मानली नाही. यादीत एकाच नावाचे दोघे असल्याने घोळ झाला, असे संघाने नंतर सांगितले. पुढच्या हंगामात त्याच शशांकने गुजरातविरुद्ध २९ चेंडूंत नाबाद ६१ धावा करून सामना काढला.

एकाच खेळाडूवर पर्सचा किती भाग घालवावा या प्रश्नाला क्रिकेटपेक्षा कबड्डी चांगले उत्तर देते, कारण तिथे रकमा लहान आणि संघ सातांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाकडे पाच कोटी होते. तेलुगू टायटन्सने चढाईपटू पवन सेहरावतसाठी २.६०५ कोटी मोजले, पुणेरी पलटणने इराणी अष्टपैलू मोहम्मदरेझा शादलुईसाठी २.३५ कोटी. दोघांनीही निम्मी थैली एका माणसावर रिकामी केली होती आणि दोघांवरही एकच टीका झाली. टायटन्स बावीसपैकी दोनच सामने जिंकून तळाला गेले. पलटण गुणतक्त्यात पहिली आली आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा विजेती झाली.

फरक उरलेल्या निम्म्या रकमेत होता. पलटणकडे नगर जिल्ह्यातला कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी तरुण फळी आधीच उभी होती, संघातच वाढलेली आणि म्हणून स्वस्तात राखता आलेली. शादलुई तिथे खांब म्हणून आला, छप्पर आधीपासूनच होते. टायटन्समध्ये पवनला बहुतेक चढाया एकट्यानेच करायच्या होत्या. पुढच्या हंगामात पलटणने शादलुईला सोडले, हरियाणाने २.०७ कोटींना घेतले आणि डिसेंबर २०२४ मध्ये बालेवाडीत, म्हणजे पुण्याच्याच मैदानात, हरियाणा विजेते झाले. पुण्यातल्या कबड्डीवेड्यांनी तो निर्णय अजून पचवलेला नाही. त्याच मोसमात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला हे मात्र त्या चर्चेत दुय्यम ठरते.

अदलाबदलीच्या व्यवहारांत भारतीय चाहत्याला अमेरिकेतल्या चाहत्यापेक्षा एक दिलासा असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सकडे पाठवले तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते. तिथल्या बास्केटबॉल लीगमध्ये करारात तशी खास तरतूद नसेल तर विचारावे लागतही नाही. आयपीएलमध्ये खेळाडूच्या होकाराशिवाय व्यवहार होत नाही. २००९ मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान बंगळूरहून मुंबईत आणि रॉबिन उथप्पा तिकडे गेला तेव्हापासून ही वाट आहे. सर्वांत गाजलेला व्यवहार अर्थात हार्दिकचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या राखीव यादीत नाव असलेला हार्दिक दुसऱ्याच दिवशी १५ कोटींत मुंबईचा झाला. जागा करण्यासाठी मुंबईने १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन बंगळूरला दिला. हिशोबाने व्यवहार चोख होता: भारतीय वेगवान अष्टपैलू मिळाला आणि पर्सवरचा भारही हलका झाला. पण डिसेंबरमध्ये रोहितला बाजूला करून त्याला कर्णधार केले आणि पुढच्या एप्रिलमध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली. मुंबई त्या वर्षी दहावी आली. पर्सच्या कागदावर कर्णधारपदाचा रकाना नसतो.

अशा व्यवहारांत खेळाडूच्या मानधनापलीकडे संघांमध्ये जी रक्कम फिरते ती जाहीर होत नाही, त्यामुळे चाहते अर्ध्या खात्यावर निकाल देत असतात. नोव्हेंबर २०२५ मधल्या अदलाबदलीत निदान जाहीर आकडे तरी बोलके होते. संजू सॅमसन १८ कोटींसह चेन्नईला आला, बदल्यात रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला गेले. जडेजाचे मानधन १८वरून १४ कोटी झाले. महिन्याभरात अबुधाबीच्या लिलावात चेन्नईने भारताकडून एकही सामना न खेळलेल्या प्रशांत वीरसाठी, ३० लाखांच्या मूळ किमतीवरून चढत, १४.२० कोटी मोजले. वीर डावखुरा फिरकी अष्टपैलू आहे. जडेजा गेल्याने कोणती जागा रिकामी झाली होती हे पाहिले की त्या आकड्याचे नवल राहत नाही.

काही माहिती मैदानाबाहेरच राहते: दुखापतीचे अहवाल, खेळाडू किती सामने उपलब्ध असेल, त्याचे क्रिकेट मंडळ त्याला सोडेल का. २०२२ मध्ये मुंबईने जोफ्रा आर्चरला आठ कोटी दिले, तो त्या वर्षी खेळणार नाही हे माहीत असूनही. चाहत्यांना तो वेडेपणा वाटला. मुंबई पुढच्या दोन मोसमांची जागा आधीच अडवत होती, पण दुखापतींपुढे तो बेत फार टिकला नाही. लिलावात विकले गेल्यावर ऐनवेळी नकार देणाऱ्यांवर आता दोन वर्षांची बंदी आहे. दिल्लीने ६.२५ कोटींना घेतलेला हॅरी ब्रूक २०२५ मध्ये त्या नियमात सापडला.

मिनी लिलावातल्या टंचाईचा फायदा घेऊन परदेशी खेळाडू फक्त त्याच वर्षी नाव देतात, अशी संघमालकांची तक्रार होती. स्टार्कच्या आकड्यानंतर ती जोरात झाली आणि त्यांच्या मानधनावर १८ कोटींची मर्यादा आली. अबुधाबीत कोलकात्याने ग्रीनवर २५.२० कोटींची बोली जिंकली. कोलकात्याच्या पर्समधून पूर्ण २५.२० कोटी वजा झाले, ग्रीनला १८ कोटी मिळणार आणि वरचे ७.२० कोटी खेळाडूंच्या कल्याणासाठी भारतीय क्रिकेट नियामक मंडळाकडे जाणार.