आपट्याचे पान, भाताची लोंबी आणि एक ताटली

दिवाळीची सुट्टी लागली आणि धाकटीने मोबाईलवर एक व्हिडिओ आणून दाखवला. परदेशातल्या एका स्वयंपाकघरात मुले शरद ऋतूची बिस्किटे कापत होती. टोकाटोकांचे लाल पान, भोपळा, ओकचे फळ असे आकार होते. "आपणही करू या," ती म्हणाली. आम्ही हो म्हटले. लगेच दुसरा प्रश्न आला, "हे लाल पान कोणत्या झाडाचं? आपल्या मोहन्यात कुठे आहे?"

ते मेपलचे पान. मोहन्यात नाही, आंबिवलीत नाही, कल्याणातही नाही. शाळेत 'ऑटम' या शब्दाचा अर्थ आम्ही 'शरद' असा सांगतो आणि उर्दूच्या तासाला 'खिजां', म्हणजे पानगळ. शब्दकोशाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. पण आपल्याकडे शरदात पाने गळत नाहीत. पावसाने धुतलेली झाडे तेव्हा हिरवीगार असतात. आपली पानगळ शिशिरात, माघ-फाल्गुनाच्या सुमाराला. आपल्या शरदाची खूण म्हणजे पिवळे पडलेले भात, ऑक्टोबरचे ऊन आणि रात्रीचे स्वच्छ चांदणे. मग आपल्या बिस्किटांना परक्या झाडाचा आकार कशाला?

मुलांना पिशवी देऊन बाहेर पाठवले. अट एकच, झाडाचे पान तोडायचे नाही, पडलेलेच उचलायचे. तासाभराने तीन वस्तू आल्या. एक आपट्याचे पान, दसऱ्याला थोरल्याला वर्गमित्राने दिलेले, वहीत जपून ठेवलेले. त्याबरोबर कांचनाचेही एक पान होते. दोन्ही पाने जोडपानासारखी दिसतात आणि बाजारात आपट्याच्या नावाखाली कांचन सर्रास विकले जाते. आपट्याचे पान लहान आणि रुंदट, कांचनाचे मोठे. दुसरी वस्तू देशी बदामाचे लाल पान. आपल्या गल्लीत शरदाचा लाल रंग दाखवणारे झाड कोणते असेल तर हेच. गळण्याआधी त्याची पाने लाल होतात आणि एखाददुसरे केव्हाही सापडते. तिसरी वस्तू भाताची लोंबी. आकार ठरले.

आता बिस्किटे कोणासाठी, हेही सांगायला हवे. आमच्या मांडणीवर एक स्टीलची ताटली आहे. तिच्या काठावर जे नाव कोरले आहे, ते आमच्या घरातले नाही. एनआरसीच्या कॉलनीत राहणाऱ्या एका काकूंची ती ताटली. दिवाळीला त्या ताटलीतून फराळ यायचा, ईदला तिच्यातून आमच्याकडचा शीरखुर्मा वाटीत घालून जायचा. रिकामी ताटली परत करायची नाही, हा दोन्ही घरांचा नियम. २००९ साली कारखाना बंद पडला. हळूहळू कॉलनीतली बिऱ्हाडे उठली. काकू टिटवाळ्याला गेल्या. जाण्याआधीच्या दिवाळीची ताटली आमच्याकडेच राहिली, भरून पाठवायची म्हणून.

टिटवाळा आंबिवलीच्या पुढचे स्टेशन. तरीही इतकी वर्षे आम्ही गेलो नाही. वेळ मिळाला नाही असे स्वतःला सांगत राहिलो. खरे कारण वेगळे होते. मधल्या काळात हवा बदलली. काकूंच्या घरी आता सून आहे, नातवंडे आहेत. आपल्या घरचे त्यांना चालेल का, आणि नाही चालले तर ते आपल्या तोंडावर सांगायची वेळ त्यांच्यावर का आणावी, असा विचार मनात येत गेला. कोणी काही बोलले नव्हते. आम्हीच त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकले होते.

यंदा अम्मीने ती ताटली काढून ओट्यावर ठेवली. म्हणाली, "फोन करून विचारा तरी." विचारले. पलीकडून काकू म्हणाल्या, "अंडं नको, एवढंच. बाकी काय विचारता?"

म्हणून ही कृती बिनअंड्याची. मूळ आपल्या नानखटाईचेच. 'नान' म्हणजे फारसीत रोटी, भाकरी. ही खटाई सुरतेच्या डच बेकरीतून पारशी कारागिरांच्या हाती आली, असे सांगतात. जुन्या माणसांना आठवत असेल, सणाआधी मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, तिथल्या भट्टीत आपल्यासमोर नानखटाई भाजून घ्यायची आणि गरम पत्र्याचा डबा कापडात गुंडाळून घरी आणायचा. त्या रांगेत दिवाळीवाले आणि ईदवाले एकाच भट्टीसमोर उभे असत.

साहित्य असे: मैदा १५० ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, घट्ट तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, जायफळ किंचित, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे एक-दोन मोठे चमचे थंड दूध. साधारण पंचवीस बिस्किटे होतात. इसेन्स वापरायचा असेल तर बाटलीवरचे घटक वाचा, काहींमध्ये अल्कोहोल असते. वेलदोडा-जायफळ असताना त्याची गरजही पडत नाही.

बिस्मिल्लाह म्हणून तूप आणि साखर हाताने फेटा. मिश्रण पांढरट आणि हलके झाले की पिठे चाळून घाला. मळू नका, नुसते गोळा करा. जास्त मळले की बिस्किट चिवट होते. नानखटाईत आपण सोडा किंवा बेकिंग पावडर घालतो, त्याने ती फुलते आणि तडकते. इथे ते अजिबात घालायचे नाही. पान फुलले की त्याचे पान राहत नाही, पुरी होते. आमचा पहिला घाणा तसाच झाला होता. सवयीने सोडा पडला आणि आपटा, बदाम सगळे गोल होऊन बाहेर आले. मुलांनी ते गरमागरम संपवले, ती गोष्ट वेगळी.

दुसरी अडचण ऑक्टोबरच्या उन्हाची. या दिवसांत ओट्यावरचे तूप विरघळायला लागते आणि कापलेला आकार हातातच मोडतो. म्हणून गोळा दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीचा लाटा आणि तसाच अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मगच कापा. कापलेली बिस्किटे थाळीत मांडून पुन्हा दहा मिनिटे थंड करा.

साचे विकत आणू नका. खरे पान जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवा, कापा, पुठ्ठ्याला बटर पेपर गुंडाळा. तो लाटलेल्या पोळीवर ठेवून सुरीच्या टोकाने कडेकडेने फिरवा. बदामाच्या पानाची कड करंजीच्या कातणीने छान येते. शिरा टूथपिकने काढा. आपट्याच्या दोन पाळ्यांमधली खाच फार खोल ठेवू नका, तिथेच बिस्किट मोडते. लोंबीसाठी लांबट पट्टी कापून तिच्यावर कात्रीने बारीक तिरप्या चिरा द्या. लहान मुलांकडे सुरी-कात्री नको. त्यांना शिरा काढू द्या.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर १५ ते १८ मिनिटे. नसेल तर जाड बुडाची कढई घ्या, तळाशी दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवा. मग बिस्किटांची थाळी आत ठेवून मंद आचेवर २० मिनिटे. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबर काढायला विसरू नका. कडा गुलाबी झाल्या की काढा. तेव्हा बिस्किटे मऊच लागतील. थंड झाल्यावर खुसखुशीत होतात. गरम असताना उचलाल तर पानाचा चुरा होईल. हे मीठ स्वयंपाकाला वापरू नका, बरणीत भरून पुढच्या वेळेसाठी ठेवा.

बिस्किटे निवेपर्यंत मुलांना एक घटना सांगितली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली होती. घरात पाऊल टाकताच त्यांनी विचारले, आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का? आणि पुन्हा विचारले. कारण सांगितले ते असे की, शेजाऱ्याशी चांगले वागण्याची ताकीद हजरत जिब्रील (अ.) वारंवार देत राहिले, इतकी की आता शेजाऱ्याला वारसातही वाटा मिळतो की काय, असे पैगंबर (स.) यांना वाटू लागले होते. धाकटीने विचारले, "घर बदललं तरी माणूस शेजारीच असतो का?" आम्ही म्हटले, "ताटली आपल्याकडे आहे तोवर तरी असतो."

दुसऱ्या दिवशी गाडीने टिटवाळ्याला गेलो. काकू थकल्या आहेत, पण ओळखायला क्षणही लागला नाही. त्यांनी ताटलीच्या काठावरून बोट फिरवून नाव वाचले. आपट्याचे पान उचलून आधी नातवाला दिले, मग स्वतः एक लोंबी घेतली. सून चहा घेऊन आली आणि कृती लिहून मागितली. आम्ही थोडे शरमलो. इतकी वर्षे जे उत्तर आम्ही मनात धरून बसलो होतो, ते त्या घरात कोणीच दिलेले नव्हते.

निघताना काकूंनी बिस्किटे डब्यात काढून घेतली. ताटली तिथेच राहावी म्हणून आम्ही घाईने उठलो. पण त्यांनी ती धुऊन पुसली, तिच्यात चिवडा आणि चार शंकरपाळे घातले आणि हातात दिली. "रिकामी कशी पाठवू?" म्हणाल्या. ताटली पुन्हा आमच्या मांडणीवर आली आहे. ईदला शीरखुर्मा घेऊन जायचे ठरले आहे.

तुमच्याही घरात दुसऱ्याचे नाव कोरलेले एखादे भांडे असेल. सुट्टी संपायच्या आत शोधून पाहा.