काकांच्या पोटातला पाइप

काका चौथ्या दिवशी घरी आले आणि आठव्या दिवशी गणपतीच्या आरतीला टाळ घेऊन उभे. साल २०२१. आमच्या नारायण पेठेतल्या घरात तेव्हा एकच डायलॉग चालू होता, 'ऑपरेशन झालंय असं वाटतच नाही!' मी तर मैत्रिणींना फोन करून सांगत होते, बॉस, पोट न फाडता पोटातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी रिपेअर! जर्नालिस्ट ना मी, हेडलाइन आधी सुचते, बातमी नंतर वाचते.

सीन असा होता. काकांची प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी झाली आणि त्यात भलतंच काही दिसलं. हृदयातून निघून पोटातून खाली जाणारी महाधमनी, म्हणजे एओर्टा, साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. काकांची एका जागी ५.८ सेंटिमीटर फुगली होती. दुखत नाही, खुपत नाही, काही नाही. चाळीस वर्षांच्या सिगारेटींनी आतल्या आत केलेलं काम. डॉक्टर म्हणाले, पुरुषांमध्ये ५.५ च्या पुढे गेलं की फुटण्याची भीती वाढते, आणि फुटलं तर बरेचजण हॉस्पिटलपर्यंत पोचतच नाहीत. आइनस्टाइन यानेच गेला. १९४८ मध्ये रुडॉल्फ निसेन या सर्जनने त्याच्या फुगलेल्या धमनीभोवती चक्क सेलोफेन गुंडाळलं होतं. त्यावर त्याने सहा-सात वर्षं काढली. एप्रिल १९५५ मध्ये ती फुटली, तेव्हा त्याने दुसरं ऑपरेशन नको म्हणून सांगितलं.

काकांपुढे दोन ऑप्शन होते. एक जुनं, ओपन ऑपरेशन. पोट उघडायचं, धमनी चिमटा लावून बंद करायची, फुगलेल्या जागी कापडी नळी शिवायची. दुसरं म्हणजे इव्हार. जांघेतल्या धमनीतून बारीक तार वर सरकवायची, तिच्यावरून घडी घातलेला स्टेंट-ग्राफ्ट न्यायचा आणि एक्स-रेवर बघत बघत आत उघडायचा. रक्त नव्या नळीतून वाहायला लागतं आणि बाहेरचा फुगा नुसता पिशवीसारखा उरतो. अर्जेंटिनाच्या हुआन पारोदीने ब्युनॉस आयर्समध्ये १९९० साली पोटातल्या फुग्यावर हे पहिल्यांदा केलं. त्याआधी १९८७ मध्ये खार्किव्हच्या निकोलाय व्होलोदोसने छातीतल्या एओर्टावर असाच प्रयोग केला होता, पण सोव्हिएत जगातली ती बातमी बाहेर यायला वेळ लागला.

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला विचारा, पोट फाडायचं की जांघेत दोन भोकं? काकांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं. आम्हीही.

मग आला डिस्चार्ज. फाइल माझ्या हातात दिली, कारण घरात 'मेडिकलचं इंग्रजी' मला कळतं. ती मी कपाटावर ठेवली. महिन्याने सीटी झाला. त्यात बारीकसा 'टाइप टू एन्डोलीक' निघाला. डॉक्टर म्हणाले, बऱ्याचदा आपोआप बंद होतो, सहा महिन्यांनी परत या. 'आपोआप बंद होतो' एवढंच आम्ही ऐकलं.

पुढची तीन वर्षं कोणी गेलं नाही. 'अगं, मशीन चालू आहे ना? मग उघडून कशाला बघायचं?' इति काका. शिवाय सीटीच्या डायने किडनी बिघडते हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. ते खोटं नाही, आधीच कमजोर किडनी असेल तर जपावंच लागतं. पण त्यासाठी डॉपलर सोनोग्राफीही करता येते, हे त्यांनी वाचलं नव्हतं.

मेडिक्लेमच्या रिन्युअलला मी फाइल खाली काढली आणि डिस्चार्ज कार्ड पहिल्यांदा नीट वाचलं. शेवटून दुसरी ओळ : 'आयुष्यभर नियमित तपासणी आवश्यक.' साध्या टायपात. माझ्या पोटात गोळा आला.

झालं होतं असं की फुगलेल्या पिशवीला छोट्या छोट्या फांद्या असतात. नळी बसवल्यावर त्यांतून रक्त उलटं पिशवीत शिरू शकतं. हा टाइप टू, सगळ्यात कॉमन आणि बहुतेकदा निरुपद्रवी. नळीच्या टोकांची पकड सुटली तर टाइप वन, नळीचे भाग निसटले किंवा कापड फाटलं तर टाइप थ्री. या दोन्हींत पिशवीवर पुन्हा पूर्ण प्रेशर येतं आणि मग थांबून चालत नाही. नळी खाली सरकू शकते, पायाकडे जाणारी तिची फांदी बंद पडून पाय गार पडू शकतो. हे सगळ्यांना होतं असं नाही. पण हे बाहेरून दिसत नाही, आरतीला टाळ वाजवणाऱ्या माणसाकडे बघून तर मुळीच नाही.

मी मग आकडे शोधले. ब्रिटनच्या इव्हार-१ ट्रायलमध्ये पहिल्या तीस दिवसांतले मृत्यू इव्हारवाल्यांत १.७ टक्के आणि ओपनवाल्यांत ४.७ टक्के. क्लीन स्वीप! त्याच पेशंट्सचा पंधरा वर्षांचा हिशेब २०१६ मध्ये आला, तेव्हा आठ वर्षांनंतर चित्र उलटलं होतं. इव्हारवाले जास्त जात होते आणि एक मोठं कारण होतं जुना फुगाच पुन्हा फुटणं. त्या ट्रायलमधल्या नळ्या जुन्या पिढीच्या होत्या, हेही खरं. पण तो पहिला आकडा मला २०२१ मध्येही माहीत होता. दुसरा मी शोधलाच नव्हता.

काकांचा सीटी झाला. ५.८ चे ६.४. डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. पुन्हा जांघेतून जाऊन त्या उलट्या फांदीत बारीक तारेची वेटोळी भरून ती बंद केली. पुढच्या स्कॅनमध्ये आकडा ६.४ वरच थांबलेला. कमी नाही, पण जास्तही नाही.

'तू तेव्हा वाचलं असतंस तर मी गेलो असतो का?' काकांनी विचारलं. मी म्हटलं, 'नसता गेलात. पण मी भांडले तरी असते.' ते हसले. आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या तपासणीच्या तारखेला त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, 'पोट'. खाली कंसात, 'ही येणार'. मी त्या दिवशीचं शूट कॅन्सल केलंय.