तीन दिवसांचा रॉक संपला, नांद्यात मागे काय राहिलं?

नांदे (ता. मुळशी) : डिसेंबर २०२३ मध्ये ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव नांदे गावच्या तीर्थ फील्ड्स मैदानावर भरला. २०१० साली पुण्यात कोरेगाव पार्कात सुरू झालेला हा महोत्सव शहर सोडून मुळशीच्या शिवारात आला. तीन दिवस गिटार वाजली, मांडव उतरला, मंडळी गेली. गावाकडे काय राहिलं? एक कागदसुद्धा नाही.

प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. ३० जून २०२१ रोजी सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही शेजारची गावं पुणे महापालिकेत गेली. नांदे ग्रामपंचायतीतच राहिलं. म्हणजे शहराच्या मोठ्या कार्यक्रमांना जागा आपली, रस्ता आपला, आवाजही आपल्याच कानावर. हिशेबात मात्र गाव कुठंच नाही.

काही जण म्हणतील, ‘हे शहरातल्या पोरांचं खूळ, आपलं काय त्यात?’ पण भजनातली पेटी युरोपातून आली आणि वरातीतल्या बेंजोचं मूळ जपानी वाद्यात आहे. आज त्यांना कोण परकं म्हणतं? रॉकही इथं कालपरवा आलेला नाही. पुढे फ्रेडी मर्क्युरी म्हणून जगभर गाजलेला फारुख बलसारा पाचगणीच्या शाळेत शिकला आणि १९५८ च्या सुमारास तिथंच त्यानं मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. मुंबईत १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमानं रंगभवनातला आवाज बंद झाला. जागा गेली की आठवणही जाते, हे तिथं दिसलं.

जपणूक कशी होते याचा नमुना पुण्यातच आहे. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास एकट्यानं वस्तू गोळा करायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वाद्यं. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारला दिला. बंगळूरला तर २०१९ पासून फक्त संगीताचं संग्रहालय उभं आहे आणि त्यात आजच्या बँडनाही जागा आहे.

नांद्याला एवढं मोठं काही नको. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली पुरे. एका भिंतीवर महोत्सवाची पोस्टरं, तिकिटं, फोटो. दुसऱ्या भिंतीवर गावच्या भजनी मंडळाची जुनी पेटी, ढोल-ताशा, जत्रेतले फोटो. खाली माहिती मराठीत, आणि जुन्या वादकांच्या आवाजातल्या आठवणी.

पैसा कुठून? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये जत्रा, उत्सव आणि करमणुकीवर कर बसवायची तरतूद आहे. शिवाय ना हरकत दाखला देतानाच गावानं अटी मांडाव्यात : रात्री दहाला आवाज बंद, सूस-नांदे रस्त्यावर वाहतुकीची सोय, स्थानिकांना काम आणि गावच्या संग्रहासाठी कार्यक्रमाची एक प्रत. आधीच वाहतुकीनं गांजलेल्या गावकऱ्यांना खोलीपेक्षा रस्त्याची अट मोठी वाटेल, आणि ते रास्तच आहे. पण दोन्ही अटी एकाच ठरावात बसतात.

पुढचा कार्यक्रम येईल तेव्हा बोलायचं, असं म्हणून चालणार नाही. मांडव पडल्यावर कोण ऐकतं? येत्या ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लिहून ठेवा.