“पिशवी सडली” म्हणजे काय हो, डॉक्टर?

घाटकोपर-मुलुंडकडच्या वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की एक वाक्य हटकून कानावर येतं : “माझी पिशवी काढलीय.” बाई कधी कधी पस्तिशीचीही नसते. का काढली? “अंगावर पांढरं जायचं.” “पाळीला फार जायचं.” “डॉक्टर म्हणाले, सडलीय, कॅन्सर होईल.” कागद मागावेत, तर सोनोग्राफीचा एक रिपोर्ट. आधी औषध देऊन पाहिलेलं नसतं.

मैत्रिणींनो, पिशवी म्हणजे काही भाजी नव्हे सडायला! अंगावर पांढरं जाणं थोडंफार नेहमीचंच. जंतुसंसर्ग असेल तर तो औषधांनी बरा होतो. जास्त रक्तस्रावावर गोळ्या आहेत, हार्मोनची तांबी आहे. त्रास न देणाऱ्या गाठींवर नुसतं लक्ष ठेवता येतं. पाळी गेल्यावर त्या बहुधा आक्रसतात. कॅन्सर, कशानेही न थांबणारा रक्तस्राव, अंग फार बाहेर येणं, अशा वेळी शस्त्रक्रिया लागते. तिला आमचा विरोध नाही. पण पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले, तर ऐन तारुण्यात पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. टेबलावर घेण्याआधी हे किती जणींना सांगतात?

दोष एकट्या डॉक्टरांचाही नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचं जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. त्यांत ऊसतोडणीच्या बायका होत्या. फडात संडास नाही, पाणी नाही, खाडा झाला की मुकादमाचा दंड. अशा वेळी “पाळीच नको” म्हणणं ही बाईची निवड म्हणायची? १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्याच्या ससून रुग्णालयात काढल्या. कारण काय, तर त्यांना पाळीची स्वच्छता राखता येत नाही! स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. सोय मुकादमाची, संस्थेची. कात्री मात्र बाईच्या पोटावर.

आपल्या उपनगरातली घरकामवाली काय वेगळी आहे? पाळीची रजा नाही, सार्वजनिक संडासाला रांग, मोठ्या रुग्णालयात गेलं तर दिवस मोडतो. मग नाक्यावरचं नर्सिंग होम आणि व्याजाने काढलेले पैसे.

अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना दिला. या शस्त्रक्रियांवर देखरेखीसाठी जिल्हा पातळीपर्यंत समित्या नेमायच्या आहेत. आपल्या उपनगरांतली समिती कुठे बसते, किती नर्सिंग होमचे आकडे तिच्याकडे येतात, हे प्रत्येक गटाने लेखी विचारावं. राजावाडी, कूपर, भगवतीत कामकरी बाईला संध्याकाळी दुसऱ्या डॉक्टरचं मत मिळावं, अशी मागणी करावी.

आणि सही करण्याआधी तीन प्रश्न : आजाराचं नाव काय? औषधाने भागेल का? बीजकोश ठेवणार ना? उत्तर मिळेपर्यंत अंगठा उठवायचा नाही!