परवाना नको, पट्टा द्या!



अमेरिकेत शिकारीचा कोर्स केला की परवाना मिळतो. तिथं ती हौस. आपल्याकडंही 1972 च्या वन्यजीव कायद्यात परवाने होते, 1991 ला ते बंद झाले. आजही रोही, रानडुकरं पिकात शिरली तर मारायची परवानगी मिळते. पण त्याला बंदूक लागते, बंदुकीला लायसन लागतं. ते फासेपारध्याला कोण देणार?

आम्ही शिकार मागत नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानंही शिकारीचा हक्क वगळलाय. तित्तर-सशाचे फासे सुटले, आता नांगर धरायचा तर जमीन कुठंय? पाटोद्याच्या नायगावात मोरांसाठी अभयारण्य झालं. मोराला जागा मिळाली, चांगलं झालं. पारध्याला कधी?

त्याच कायद्यात आहे, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, आदिवासीच्या नावावर झाली पाहिजे. दाव्याची पडताळणी पुरी होईस्तोवर कुणाला हुसकता येत नाही. म्हणून गावच्या वनहक्क समितीकडं दावा टाका, पोच घेतल्याबिगर उठू नका.

फासा सोडायला लावला ना? मग जमीन नावावर करा!