निकाल उरतो, जबानी जाते

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून ज्यांनी पणजोबाचे नावसुद्धा घरात कधी विचारले नव्हते, अशी माणसेही जुन्या नोंदींची आणि मोडी वाचणाराची चौकशी करू लागली आहेत. आमच्या वऱ्हाडात जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची नक्कल काढण्याचा परिपाठ त्याहून जुना. निमित्त कोणतेही असो, पूर्वजांची आठवण झाली हे चांगलेच झाले. परंतु हवी ती नोंद हाती लागताच दप्तर मिटून टाकण्याची जी घाई आपण करतो, तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात.

जळगाव जामोदच्या माणसाला आपला पणजोबा एका कचेरीत सापडत नाही. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले आणि १९०२ मध्ये ते कायमच्या पट्ट्याने दिले, तरी सार्वभौमत्व निजामाचेच राहिल्यामुळे अंमल इंग्रजांचा आणि रयत निजामाची, असा विलक्षण प्रकार येथे पुष्कळ वर्षे चालला. शिवाय हा तालुका १९०५ साली बुलढाण्यास जोडला जाईपर्यंत अकोला जिल्ह्यात होता, आणि वरच्या न्यायालयाची वाट पुढे नागपूरला जात असे. त्यामुळे एकाच घराण्याचा माग काढण्यासाठी बुलढाणा, अकोला, नागपूर आणि त्याही मागे जायचे तर हैदराबाद, इतका प्रवास पडतो.

एवढे करून हाती काय लागते? कोतवाल बुकात बापाचे नाव, जात आणि तारीख असते. अपत्याच्या रकान्यात मात्र पुष्कळदा नुसते ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. वंशावळीत तर तेवढेही नाही: तेथे बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, आणि ज्याचा वंश खुंटला त्याच्या नावापुढे ‘नकल’ हा एक कोरडा शब्द. या पुरुषांची लग्ने झाली होती, घरात सासुरवाशिणी आणि विधवा नांदत होत्या, याचा पत्ता लागतो तो फक्त भाऊबंदकीच्या कागदांतून. जे घर सुखाने नांदले त्याने कागद मागे ठेवला नाही. जे भांडले त्याने मिसलीच्या मिसली ठेवल्या.

असे का व्हावे, याचे उत्तर तेव्हाच्या कायद्यात आहे. अविभक्त कुटुंबातील विधवेला केवळ अन्नवस्त्राचा हक्क होता. विभक्त पतीची मिळकत तिच्याकडे आली तरी ती हयातीपुरती. आणि तिने पाट लावला तर १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानेच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क संपे. १९३७ च्या कायद्याने तिला पतीच्या हिश्श्यात जागा मिळाली, पूर्ण मालकी मात्र १९५६ साली. १९३७ पूर्वी दिरांशी झगडण्यासाठी तिच्या हाती अन्नवस्त्राचा दावा किंवा दत्तक एवढीच हत्यारे होती.

या दुसऱ्या हत्याराची धार महाराष्ट्राने ताई महाराज प्रकरणात पाहिली. १८९७ साली पुण्याचे सरदार बाबा महाराज वारले. त्यांच्या मृत्युपत्रातील विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, तसे आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही होते. १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या मुलाचे दत्तकविधान झाले. परंतु थोड्याच दिवसांत बाबा महाराजांच्या विधवा ताई महाराज यांनी विश्वस्तांविरुद्ध न्यायालयाकडे धाव घेतली आणि कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. तंटा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन १९१५ मध्ये टिळकांच्या बाजूने मिटला. बाईंचे म्हणणे न्यायासनास पटले नाही हे खरे. पण त्यांना काही म्हणायचे होते, हे आपल्याला कळते ते त्या वादाचे कागद राहिले म्हणूनच.

लहान गावच्या कज्ज्यांना हे भाग्य नाही. १९१७ च्या अभिलेख नष्ट करण्याविषयीच्या कायद्याखाली न्यायालये मुदतबाह्य कागद काढून टाकू शकतात. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपतात, अर्ज आणि जबान्या त्याआधी जातात. म्हणजे कोण जिंकले ते उरते, आणि कोण काय बोलले ते नाहीसे होते. स्वातंत्र्यपूर्व वारसांच्या दाव्यांतील जबान्या नष्ट करण्यापूर्वी त्या पुराभिलेखागाराकडे द्याव्यात, निदान त्यांची छायाचित्रे घ्यावीत, एवढी माझी मागणी आहे. घरची लक्तरे वेशीवर कशाला टांगायची, असे कोणी म्हणेल. पण शंभर वर्षांनी त्या लक्तरांत अब्रूचा प्रश्न उरत नाही, आणि पणजीची एवढीच काय ती वस्त्रे शिल्लक असतात.

आमच्या पत्र्याच्या पेटीत अन्नवस्त्राचा एक करार आहे. चुलतपणजोबांच्या विधवेला दिरांनी वर्षाकाठी ज्वारी, दोन लुगडी, परसाकडील एक खोली आणि ‘गोड्या विहिरीवर पाणी भरण्याची मुभा’ लिहून दिली आहे. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात ज्याचे बालपण गेले त्यालाच या शेवटच्या कलमाचे मोल कळेल. ते कोणा वकिलाला सुचले नसेल, ते तिने स्वतः अडून बसून घातले असले पाहिजे. खाली दिरांच्या निशाणीचे नांगर आहेत, आणि त्यांच्याखाली तिची निशाणी, एक वाटोळी बांगडी. वंशावळीत तिच्या पतीच्या नावापुढे ‘नकल’ लिहिले आहे. त्या शब्दाशेजारी मी परवा तशीच एक बांगडी काढली, आणि करारात पाहून तिचे नाव लिहिले.