रस्त्याला पैसा, बसला श्वेतपत्रिका

सोमवारी एसटीची श्वेतपत्रिका आली आणि मंगळवारी मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गाला हिरवा कंदील दाखवला. २३ आणि २४ जून २०२५. या दोन दिवसांत राज्य सरकारने आपले वाहतूक धोरण जेवढे स्वच्छ सांगितले, तेवढे गेल्या कित्येक अर्थसंकल्पांत सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटी महामंडळाचा संचित तोटा १० हजार ३०० कोटींच्या वर गेल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी त्याच सरकारने पवनार ते पत्रादेवी या ८०२ किलोमीटरच्या रस्त्याची आखणी आणि भूसंपादन यासाठी २० हजार ७८७ कोटी मंजूर केले. तेव्हा खडीचा एक डंपरही पडलेला नव्हता. रस्ता पुढेच होता, त्याचा खर्च ८६ हजार कोटींच्या घरात धरला होता. पण नुसत्या जमिनीपायी काढलेल्या या पैशांत एसटीचा आजवरचा सगळा तोटा दोनदा फिटला असता आणि वर थोडे उरलेही असते.

एसटी तोट्यात जाते म्हणून तिची श्वेतपत्रिका निघते. रस्त्याची कोणी काढत नाही. गेल्या ४५ वर्षांत महामंडळ जेमतेम आठ वर्षे नफ्यात होते, हे सरकारने बजावून सांगितले. जणू वाहक-चालकांनी ते पैसे खिशात घातले. भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि इतर देणी मिळून तीन हजार कोटींहून अधिक रक्कम तेव्हा थकली होती. त्यात ज्याचे पैसे अडकले, तो चालक दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गाडी काढणारच होता. आणि ज्या एसटीला तोट्याबद्दल दम भरायचा, तिच्याच तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर घ्यायचा, टोलनाक्यावर तिलाच थांबवायचे, हा कोणता हिशेब? जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढवले, तेव्हा भार पडला तो बाजाराला निघालेल्या माणसावर. शक्तिपीठाच्या जमिनीसाठी हुडकोचे १२ हजार कोटींचे कर्ज घेताना मात्र कोणाच्या कपाळावर आठी नाही. वित्त विभागाने या कर्जाच्या बोज्याबद्दल सावध केल्याच्या बातम्या आल्या. त्या आल्या तशा विरल्या.

तीर्थक्षेत्रे जोडण्यासाठी हा रस्ता आहे म्हणे. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर, वाटेत पंढरपूर. निर्णय झाला तेव्हा पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. त्या सहापदरी रस्त्याची वाट पाहत थांबलेल्या नव्हत्या. ज्याला पायी जमत नाही तो आषाढीला एसटीने जातो. त्यासाठी महामंडळ पाच हजारांवर जादा गाड्या सोडते, आणि तेवढे दिवस गावोगावच्या नेहमीच्या फेऱ्या रद्द होतात, कारण गाड्याच पुरत नाहीत. एके काळी १८ हजारांच्या घरात असलेला ताफा २०२५ पर्यंत १५ हजारांच्या आसपास आला होता. देवीला जाणाऱ्या म्हातारीला महामार्ग नको असतो, गाडी हवी असते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग याच पट्ट्यातून कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ असा जातोच. त्याच्या शेजारून दुसरा कशासाठी, हा कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांचा प्रश्न साधा आहे. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर कोल्हापुरातली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मते पडली, सरकार आले आणि रस्ता पुन्हा कागदावर उगवला. बागायती जमीन मात्र एकदा गेली की अशी पुन्हा उगवत नाही.

समृद्धी महामार्गाचे उदाहरण समोर आहेच. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, वेळ वाचतो, हे मान्य. पण ज्या शेतकऱ्याची जमीन त्यात गेली, तो आपली मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर त्यावर नेऊ शकत नाही. दुचाकींना तिथे बंदी आहे. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले, तेव्हा चालकाची झोप, टायर, वेग यांवर आठवडाभर चर्चा झाली, पुढे सगळे शांत. राज्यात २०२२ या एका वर्षात १५ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली. रस्ता रुंद केला की सुरक्षित होतो, हा समज मंत्रालयातून कधी जाणार?

‘शाश्वत’ हा शब्द हल्ली प्रत्येक सरकारी कागदात असतो. एका बसमध्ये पन्नास माणसे बसतात. तीच मोटारींतून निघाली तर पाव किलोमीटर रस्ता अडतो आणि इंधन कितीतरी पट जळते. शाश्वत वाहतूक म्हणजे हीच बस, तिच्यासाठी वेगळी समिती नको. ५,१५० विजेच्या बसगाड्या भाडेतत्त्वावर आणण्याचा करार झाला, त्यातल्या काहीशेच आल्या, मग तो रद्द करण्याची भाषा मंत्र्यांनी केली. त्या गाड्या उभ्या करण्यासाठी आणि आगारात चार्जिंगची सोय करण्यासाठी असा तातडीचा मंगळवार कधी उजाडला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, ते जून २०२५ मध्येही चालूच होते; कोकणातला माणूस दर गणपतीला नवी तारीख ऐकतो. आहे तो रस्ता चौदा वर्षांत पुरा करता न आलेल्यांनी गोव्याकडे जाणारा दुसरा रस्ता हाती घ्यावा, याला धाडस म्हणावे की आणखी काही?

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे या निर्णयावर सही करणाऱ्यांपैकी अनेकांना पुरते ठाऊक असेल. बरेच जण तिनेच शाळा-कॉलेजला गेले. रात्री गावात थांबणारी आणि सकाळी सहाला पोरींना तालुक्याला नेणारी ती गाडी बंद पडली की मुलाला सायकल किंवा मोटरसायकल मिळते आणि मुलीची दहावीनंतरची शाळा सुटते. मुलींना मोफत पास देणाऱ्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. पास हातात आहे, गाडी फाट्यावर येत नाही. महिलांना अर्धे तिकीट दिल्याचे श्रेय सरकारने घ्यावे, ते त्याचेच आहे. पण त्या सवलतीचे पैसे महामंडळाला वेळेवर द्यावेत, म्हणजे पुढच्या श्वेतपत्रिकेत तोट्याचा आकडा तरी खरा दिसेल.

मंत्रिमंडळ पुन्हा बसेलच. तिकिटावरचा तो १७.५ टक्के कर विषयपत्रिकेवर आहे का, एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी एक गुंठाही जमीन लागत नाही.